हार-जीत आणि मेंदू : निर्णय घेताना आत काय घडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे जिंकले की मेंदूत नेमकं कुठे, काय होतं?

मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, डोपामाइन हे पेशींमधले संदेश नेणारं रसायन तयार करणाऱ्या पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी या पेशी जेमतेम चार ते सहा लाख. पण एकेका पेशीचे धागे इतके फुटत जातात, की त्यांचा संदेश फार मोठ्या भागात पोचतो. त्यातला मोठा वाटा स्ट्रायटम या खोलवरच्या भागाला मिळतो. स्ट्रायटमच्या पुढच्या-खालच्या कोपऱ्याला न्यूक्लिअस अक्युम्बन्स म्हणतात. हार-जीतीवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगात त्याचं नाव येतं.

ब्रायन नटसन यांनी २००१ च्या सुमारास एक साधा खेळ वापरला. पडद्यावर एक खूण दिसते, थोडं थांबायचं, मग चौकोन उमटताच पटकन बटण दाबायचं; वेळेत दाबलं तर पैसे. पैसे मिळण्याची शक्यता आहे असं खुणेवरून कळलं की लगेच, म्हणजे निकाल लागायच्या आधीच, अक्युम्बन्सची हालचाल वाढली. रक्कम जितकी मोठी, तितकी वाढ जास्त. निकाल लागल्यावर कपाळाच्या मागे, मध्यरेषेजवळचा भाग पुढे सरसावतो.

म्हणजे डोपामाइन हे आनंदाचं रसायन आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज मुळातून काढायला हवा. तो राहिला तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या एकेकट्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक रसाचे थेंब मिळाले की पेशी जोरात कडाडायच्या, म्हणजे भराभर विद्युत ठोके द्यायच्या. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात झाली. माकड सरावल्यावर पेशी दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या आणि रस मिळाल्यावर मात्र शांत राहिल्या. दिवा लागला पण रस आलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प झाल्या. रस गोड लागणं तर बदललेलं नव्हतं. बदलली होती ती अपेक्षा. शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचं गणिती स्पष्टीकरण दिलं : या पेशी मोबदला मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

हे आकड्यांत करून पाहा. सुरुवातीची अपेक्षा ०. दर डावाला ₹१०० मिळतात. फरकाचा पाचवा हिस्सा मेंदू अपेक्षेत जमा करतो असं धरू.

पहिला डाव : फरक १००, नवी अपेक्षा २०.
दुसरा डाव : फरक ८०, नवी अपेक्षा ३६.
तिसरा डाव : फरक ६४, नवी अपेक्षा ४८.८.

असे दहा डाव जिंकल्यावर अपेक्षा सुमारे ८९ वर पोचते. आता अकराव्या डावाला पुन्हा ₹१०० मिळाले तर फरक फक्त ११. म्हणजे जिंकूनही फारसं काही वाटत नाही. ₹५० मिळाले तर खिशात भर पडते, पण मेंदूत फरक उणे ३९. काहीच मिळालं नाही तर उणे ८९. पगारवाढ मिळूनही माणूस खट्टू का होतो आणि दोन आठवड्यांत नफ्याची सवय का होते, याचं बरंचसं उत्तर या एका वजाबाकीत आहे.

आनंदाचं काय? केंट बेरिज यांनी उंदरांवर दाखवलं, की डोपामाइन जवळजवळ संपवलं तरी गोड चव जिभेवर पडल्यावर उंदराच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधानाचे भाव कायम राहतात. जाते ती त्या गोडामागे धावण्याची ओढ. ओढ आणि आनंद या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. म्हणूनच खेळात मजा उरलेली नसतानाही माणूस खेळत राहू शकतो.

हरल्याची नोंद वेगळीकडे होते का?

काही अंशी तिथेच, काही अंशी वेगळीकडे. डोपामाइन पेशी एरवी सेकंदाला साधारण तीन ते पाच वेळा कडाडतात. अपेक्षाभंग झाला की हा वेग शून्याकडे घसरतो. पण शून्याखाली जायला जागाच नाही. वर जायला भरपूर वाव आणि खाली जेमतेम तीन-चार पायऱ्या, अशी ही रचना आहे. तोटा किती मोठा होता हे शांततेच्या लांबीतून थोडंफार कळतं, तरी तोट्यासाठी मेंदूला आणखी यंत्रणा लागतात.

त्यातली एक हाबेन्युला. वाटाण्याहून लहान भाग. मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी २००७ मध्ये माकडांत दाखवलं, की अपेक्षित बक्षीस हुकलं की हाबेन्युलाच्या बाहेरच्या भागातल्या पेशी जोरात चालू होतात आणि त्यानंतर डोपामाइन पेशी दबतात. दुसरा भाग इन्सुला. पोटात गोळा येणं, छाती धडधडणं अशा शरीराच्या आतल्या जाणिवांशी त्याचा संबंध आहे. तिसरा अमिग्डाला, भीती आणि धोका यांच्याशी संबंध असलेला भाग; त्याच्याबद्दल पुढे येईलच.

हरलो हे मेंदूला किती लवकर कळतं?

पाव सेकंदात. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून विद्युत लहरी नोंदवल्या, तर निकाल दिसल्यापासून २५० ते ३०० मिलिसेकंदांत कपाळामागच्या मध्यभागी एक ठळक फरक दिसतो. गेरिंग आणि विलोबी यांनी २००२ मध्ये लोकांना ५ सेंट आणि २५ सेंट यांतून एक निवडायला लावलं. निवडलेली रक्कम मिळायची किंवा जायची. तोटा दिसल्यावर सुमारे २६५ मिलिसेकंदांनी ही लहर उमटली. ती ‘चूक’ झाल्याची नव्हती, ‘तोटा’ झाल्याची होती : दुसऱ्या पर्यायात याहून मोठा तोटा लपलेला होता, म्हणजे निवड बरोबर होती, तरीही लहर आली.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तोट्यानंतरच्या डावात लोक मोठी रक्कम जास्त वेळा निवडू लागले. नीट विचार सुरू व्हायच्या आधीच पुढच्या डावाची दिशा थोडी वळलेली असते.

हजार गमावल्याचं दुःख हजार मिळवल्याच्या आनंदाच्या दुप्पट असतं, हे कितपत खरं?

दिशा खरी, ‘दुप्पट’ हा आकडा मात्र ठाम नाही. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हा विचार मांडला आणि १९९२ मध्ये गुणोत्तर २.२५ असं काढलं. २००७ मध्ये रसेल पोल्ड्रॅक यांच्या गटाने १६ जणांना एमआरआय यंत्रात ठेवून ५०-५० शक्यतेच्या पैजा दाखवल्या : नफा १० ते ४० डॉलर, तोटा ५ ते २० डॉलर. मध्यम गुणोत्तर आलं १.९३. संभाव्य नफा वाढला की स्ट्रायटम आणि कपाळामागचा भाग वर गेला, संभाव्य तोटा वाढला की तेच भाग खाली आले, आणि खाली येण्याचा उतार जास्त तीव्र होता. ज्याच्या मेंदूत हा उतार तीव्र, तो माणूस पैजा जास्त नाकारत होता.

अमिग्डालाचा पुरावा दोन रुग्णांकडून आला. एका दुर्मीळ आजारात दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेल्या दोन व्यक्तींवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पैजेचं गणित समजत होतं, पण तोट्याची धास्ती जवळजवळ नव्हती. दोनच रुग्ण, म्हणून यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

गुणोत्तर माणसागणिक, रकमेगणिक आणि प्रश्न विचारण्याच्या पद्धतीगणिक बदलतं. अगदी लहान रकमांना ते बरंच खाली येतं. नफ्याचे आणि तोट्याचे आकडे एकाच पल्ल्यातले ठेवले तरी ते घटतं, कधी नाहीसंही होतं.

माझी तोट्याची धास्ती किती, हे घरी मोजता येईल?

ढोबळपणे, हो. अर्धा तास पुरतो.

१. तोट्याचे चार आकडे घ्या : ₹२००, ४००, ६००, ८००. नफ्याचे आठ : ₹२०० पासून १६०० पर्यंत, २०० च्या टप्प्याने. प्रत्येक जोडीची एक चिठ्ठी, एकूण ३२.
२. चिठ्ठ्या नीट मिसळा. चढत्या क्रमाने वाचल्या तर माणूस एक रेषा आखून त्यावर यांत्रिकपणे ठाम राहतो आणि मोजमाप फसतं.
३. एकेक चिठ्ठी उचला. ‘नाणं उडवलं, छापा आला तर हा नफा, काटा आला तर हा तोटा.’ खेळेन किंवा नाही, पाच सेकंदांत लिहा. हिशेब करत बसू नका.
४. प्रत्येक तोट्यासमोर, ‘खेळेन’ म्हटलेला सर्वांत लहान नफा शोधा. त्याला तोट्याने भागा. चारही उत्तरांची सरासरी काढा.

₹४०० च्या तोट्यासमोर ₹८०० पासून पुढे होकार आला असेल, तर तिथे गुणोत्तर २. सरासरी १ च्या जवळ आली तर तोटा आणि नफा तुमच्या लेखी सारखेच. ३ च्या वर असेल तर फायद्याच्या पैजाही तुम्ही सोडून देता. एकाच तोट्यासमोर होकार-नकार उलटसुलट पडले असतील तर घाई किंवा कंटाळा झाला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. काल्पनिक पैशांत माणूस जास्त धीट असतो, हेही लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत म्हणूनच शेवटी काही चिठ्ठ्या काढून खरे पैसे दिले-घेतले जातात.

थोडक्यात हुकलं की पुन्हा खेळावंसं का वाटतं?

लॉटरीचा शेवटचा आकडा एकाने चुकला किंवा स्लॉट मशीनवर तिसरं चित्र एक घर खाली थांबलं, तरी हिशेबात ती सरळ हार आहे. मेंदू तशी नोंद करत नाही. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की थोडक्यात हुकलेल्या डावांत स्ट्रायटम आणि इन्सुलाचे, जिंकल्यावर चालू होणारे काही भाग चालू होतात. लोकांनी अशा डावांना साध्या हारीपेक्षा जास्त वाईट म्हटलं, आणि चित्र स्वतः निवडलेलं असेल तर पुढे खेळायची इच्छाही जास्त सांगितली.

क्रिकेटमध्ये चेंडू बॅटच्या कडेजवळून गेला, तर ‘थोडक्यात’ या माहितीतून पुढच्या चेंडूसाठी खरंच काही शिकता येतं. लॉटरीत काहीच शिकता येत नाही, कारण पुढच्या सोडतीला मागच्या आकड्याशी देणंघेणं नसतं. मेंदूची यंत्रणा मात्र दोन्हीकडे तीच चालते. स्वतः आकडा निवडायला लावणारे खेळ याच फटीत बसतात.

पणजीत मांडवीवरच्या तरंगत्या कॅसिनोंत असतात तशा यंत्रांवर आणखी एक प्रकार पाहायला मिळतो : अनेक रेषांवर मिळून ₹१०० लावायचे, एका रेषेवर ₹४० परत येतात, आणि दिवे-घंटा जिंकल्यासारख्या वाजतात. ₹६० गेलेले असतात. अशा डावांत त्वचेची विद्युत वाहकता, म्हणजे घामातून दिसणारी उत्तेजना, खऱ्या विजयाइतकीच वाढते असं प्रयोगांत दिसलं आहे.

तोटा आणि फायदा यांतून मेंदू नीट शिकतो का?

नेहमी नाही, आणि कुठे शिकत नाही हे पत्त्यांच्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसतं. आयोवा विद्यापीठात अँट्वान बेशारा, अँटोनिओ डमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो मांडला. समोर चार गड्ड्या, हातात २००० खोटे डॉलर, उचलायचे एकूण १०० पत्ते. अ आणि ब गड्डीत प्रत्येक पत्त्याला १०० डॉलर मिळतात, पण दर दहा पत्त्यांमागे १२५० चा दंड. निव्वळ तोटा २५०. क आणि ड मध्ये पत्त्याला ५० च मिळतात, दंड दहा पत्त्यांमागे २५०. निव्वळ फायदा २५०. कपाळामागच्या खालच्या-मधल्या भागाला इजा झालेले रुग्ण अ-ब मधूनच उचलत राहिले. निरोगी माणसांच्या तळहाताला वाईट गड्डीकडे हात नेतानाच घाम फुटू लागला. या रुग्णांना तो फुटला नाही. निरोगी माणसांना कारण शब्दांत सांगता येण्याच्या आधीच हा घाम येतो, असा संशोधकांचा दावा होता. पुढे बारकाईने प्रश्न विचारल्यावर लोकांना बरंच आधीपासून कळत असतं असं आढळलं, म्हणून ‘शरीराला मनाच्या आधी कळतं’ हे वाक्य जपून वापरावं.

माझ्या मते यातली सर्वांत उपयोगी गोष्ट ब गड्डी. अ मध्ये दहापैकी पाच पत्त्यांवर दंड विखुरलेला असतो. ब मध्ये नऊ पत्ते निखळ फायद्याचे आणि एकच पत्ता १२५० चा दंड घेऊन येतो. दोन्ही गड्ड्या सारख्याच बुडवतात, पण ब कडे निरोगी माणसंही वारंवार वळतात. वर सांगितलेला पाचव्या हिश्श्याचा हिशेब इथे लावून पाहा : एकदाच आलेला मोठा फटका पुढच्या नऊ फायद्यांखाली पुसला जातो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याचा हक्क. तोट्यापासून बचावाची सोय न करता तो विकणाऱ्यांचा हिशेब याच घडणीचा असतो. आठवड्यामागून आठवडे त्या हक्काची किंमत, म्हणजे प्रीमियम, थोडी थोडी जमा होते आणि एका दिवसात सगळं जातं. इथे अनुभवावर विसंबू नये. सर्वांत वाईट दिवसाची रक्कम आधी कागदावर काढावी.

हरल्यावर ‘एकदा वसूल करतो आणि थांबतो’ असं का वाटतं?

मेंदू एकूण संपत्तीकडे नाही, ठरलेल्या एका बिंदूकडे बघतो. ₹१०,००० ची मुद्दल होती आणि ₹४,००० गेले, तरी शून्यरेषा १०,००० वरच अडकून राहते. त्या रेषेखाली असताना आणखी ₹१,००० गेल्याचं दुःख पहिल्या हजाराइतकं होत नाही, पण रेषेवर परत पोचण्याचं आकर्षण फार मोठं असतं. म्हणून एरवी सावध असलेला माणूस तोट्यात असताना जोखीम वाढवतो. शेअर पडल्यावर आणखी घेऊन सरासरी खाली आणणं, पडलेला शेअर ‘भाव आल्यावर विकू’ म्हणून ठेवणं आणि चढलेला लगेच विकून टाकणं, हे सगळं त्याच रेषेमुळे. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी हा कल १९८५ मध्येच नोंदवला होता.

सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर. याला खर्च आणि समोरच्या बाजूची संगणकी ताकदही कारण आहे, सगळं मेंदूवर ढकलता येणार नाही. पण सतत तोटा होऊनही माणूस का थांबत नाही, हे समजायला शून्यरेषा उपयोगी पडते.

मग व्यवहारात काय करावं?

पहिलं : बाहेर पडण्याचा आकडा आत शिरण्यापूर्वी ठरवा आणि तो यंत्राकडे सोपवा. स्टॉपलॉस, म्हणजे ज्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं तो आकडा, मनात ठेवलेला चालत नाही, ऑर्डर टाकलेली हवी. आणि ती खाली सरकवायची नाही. बाजार एकदम खाली उघडला तर ठरवलेल्या भावाला विक्री होत नाही, म्हणून रक्कमही मुळात मर्यादित ठेवा.

दुसरं : निर्णयाची वही. निर्णयाआधी चार ओळी लिहा : काय करतोय, का, यशाची शक्यता किती टक्के वाटते, आणि काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन. निकाल लागल्यावर जुन्या ओळींवर हात फिरवू नका. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की ‘७० टक्के’ लिहिलेले निर्णय खरोखर दहात सात वेळा बरोबर आले का ते मोजा. वही फसते ती निकालानंतर आठवून लिहिल्यामुळे. तेव्हा मेंदूने अपेक्षा बदललेली असते आणि ‘मला माहीतच होतं’ असं प्रामाणिकपणे वाटतं.

तिसरं : मोठ्या तोट्यानंतर, आणि तितक्याच मोठ्या फायद्यानंतरही, त्या दिवशी नवा निर्णय नाही. जागरण झालं असेल तर आधीच नाही. २०११ मध्ये २९ जणांवर झालेल्या प्रयोगात रात्रभर जागवल्यावर लोकांचा कल तोटा टाळण्याकडून नफा वाढवण्याकडे सरकला, आणि तोट्यांना इन्सुलाचा प्रतिसाद मंदावला.

भाव किती वेळा बघता तेही कमी करा. दर पाच मिनिटांनी बघणाऱ्याला खाली गेलेले आकडे जवळजवळ अर्ध्या वेळा दिसतात, वर्षातून एकदा बघणाऱ्याला बरेच कमी. आणि प्रत्येक खालचा आकडा दुखतो.

‘मेंदूचा हा भाग उजळला म्हणजे तो लोभी आहे’ अशा बातम्या खऱ्या असतात का?

सहसा नाही. एमआरआय पेशींची हालचाल थेट पाहत नाही. रक्तातल्या प्राणवायूचा बदल पाहतो, आणि तो पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो. शिवाय इन्सुला दुखण्यालाही जागतो, किळसेलाही आणि जोखमीलाही. भाग जागला एवढ्यावरून भावना ओळखता येत नाही.

खेळणं व्यसन झालंय हे कसं ओळखायचं?

२०१३ पासून मानसोपचारातल्या निदानसूचीत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत धरला जातो. नऊ लक्षणांपैकी वर्षभरात चार आढळली की निदान होतं. त्यातली घरच्यांना दिसू शकतील अशी : रक्कम वाढवत नेणं, थांबवायचा प्रयत्न फसणं, थांबल्यावर चिडचिड, हरलेलं वसूल करायला दुसऱ्या दिवशी परतणं, खोटं बोलणं, उधारी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली असली तरी ओढ कायद्याने जात नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी कर्ज फेडून देण्याआधी बँकखातं आणि यूपीआय दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आहे ना, हे बघावं. नाहीतर फेडलेली रक्कम हाती नवी मुद्दल बनते.

बाबांना पार्किन्सन आहे. औषध सुरू झाल्यापासून ते लॉटरीची तिकिटं घेत सुटलेत. संबंध असेल?

असू शकतो, आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. पार्किन्सनमध्ये डोपामाइन पेशी मरत जातात. २००४ मध्ये मायकल फ्रँक यांनी दाखवलं, की औषध न घेतलेले रुग्ण चुकांमधून जास्त चांगलं शिकतात आणि औषध घेतल्यावर तेच रुग्ण फायद्यातून जास्त शिकतात, तोट्यातून कमी. औषधामुळे डोपामाइनची पातळी भरलेली राहते, त्यामुळे हरल्यावर पडायला हवा तो खड्डा नीट पडत नाही. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटात जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं असे परिणाम विशेष नोंदले गेले आहेत. पाय अस्वस्थ होण्याच्या विकारावरही हीच औषधं देतात, तेव्हा तिथेही लक्ष हवं.

यात बाबांचा स्वभाव बिघडला असं समजून भांडू नका. तिकिटांचा खर्च, औषधाचं नाव, डोस आणि हे कधी सुरू झालं याच्या तारखा लिहून न्या. रुग्ण स्वतः बहुतेक वेळा हे सांगत नाहीत, त्यामुळे घरच्यांपैकी कुणीतरी सोबत जा. औषध परस्पर बंद करू नका : एकदम थांबवल्यास अंग ताठरणं, तीव्र अस्वस्थता आणि क्वचित जिवाला धोकाही होतो. डॉक्टर सहसा डोस हळूहळू उतरवतात किंवा दुसऱ्या औषधावर नेतात, आणि बहुतेकांत ही ओढ त्यानंतर ओसरते.